मराठी फाइलींतून ओळी शोधणारी स्क्रिप्ट ओळी गाळत असेल तर

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाची दाखल नोंदवही आम्ही सहाजणांनी मिळून टंकून काढली. ३८ टेक्स्ट फाइली झाल्या. एका ओळीत एक पुस्तक: दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचं नाव, वर्ष. शोधायला सोपं जावं म्हणून मी पायथॉनमध्ये वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. शब्द द्यायचा, तो ज्या ज्या ओळीत असेल ती ओळ पडद्यावर येणार.

पहिल्याच आठवड्यात एक निवृत्त शिक्षक आले. वऱ्हाडी बोलीवर काही आहे का, विचारत होते. मी ‘वऱ्हाड’ शोधलं, चार ओळी आल्या. चारही पुस्तकं त्यांची वाचून झालेली. ‘एवढीच आहेत सर,’ असं मी खात्रीनं सांगितलं आणि ते परत गेले. दोन दिवसांनी ग्रंथपालबाईंनी कपाटातून पाचवं पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. हातानं मोजल्यावर खरा आकडा सतरा निघाला.

स्क्रिप्ट मध्येच बंद पडली असती तर मी सरांना थांबायला सांगितलं असतं. पण ती नीट चालली, चार ओळी दाखवून गप्प बसली आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. पुढचा महिनाभर मी तेरा ओळी कुठे गेल्या ते शोधत होतो. त्यात जे सापडलं ते इथे क्रमानं लिहितो. हा क्रम मोडू नका, कारण वरच्या पायरीतली चूक तशीच राहिली तर खालच्या पायरीवर केलेली दुरुस्ती खरी की खोटी ते कळत नाही.

आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. स्क्रिप्टमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनंच टंकायची.

काय काय जवळ हवं

- पायथॉन ३. जुन्या संगणकावर पायथॉन २ असेल तर तो वापरू नका. त्याची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद झाली आहे आणि देवनागरीच्या बाबतीत तो फार छळतो.
- फाइलीचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलीत कुठल्या सारणीनं साठवली आहेत ते, खालच्या पट्टीत दाखवणारा एडिटर. नोटपॅड प्लस प्लस किंवा व्हीएस कोड, कुठलाही चालेल.
- सगळ्या मूळ फाइलींची वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत. प्रयोग प्रतीवरच करायचे.
- कागद आणि पेन. कुठल्या फाइलीत किती ओळी सापडायला हव्यात हे हातानं मोजून लिहायचं आहे.

१. उत्तर आधीच माहीत असलेली छोटी फाइल करा

३८ फाइलींवर स्क्रिप्ट पुन्हापुन्हा चालवून काही कळत नाही. दहा ओळींची एक चाचणी फाइल करा, जिच्यात आपला शब्द किती ओळींत आहे ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

या ओळी स्वतः टंकू नका. मूळ फाइलींतून उचला, आणि वेगवेगळ्या माणसांनी टंकलेल्या फाइलींतून उचला. मी पहिल्यांदा ओळी स्वतः टंकल्या होत्या आणि दहाच्या दहा सापडल्या. साहजिकच होतं: फाइलीतला शब्दही माझ्या कीबोर्डचा आणि शोधायचा शब्दही माझ्याच कीबोर्डचा. दोष होता तो सहाजणांच्या सहा सवयींत, आणि त्या चाचणीत आल्याच नव्हत्या.

२. स्क्रिप्ट कुठल्या फाइली उघडते ते छापून घ्या

शोध बाजूला ठेवा. प्रत्येक फाइलीचं नाव आणि तिच्यातल्या एकूण ओळींची संख्या तेवढी छापा. माझ्याकडे ३८ ऐवजी ३३ नावं आली.

दोन फाइली लिनक्सवर चालवताना गळल्या, कारण त्यांच्या नावाच्या शेवटचं ‘टीएक्सटी’ मोठ्या लिपीत होतं आणि स्क्रिप्टमध्ये मी लहान लिपीत लिहिलं होतं. विंडोजला हा फरक जाणवत नाही, लिनक्सला जाणवतो. उरलेल्या तीन फाइलींची गोष्ट जास्त गंभीर होती. स्क्रिप्ट उघडताना त्यांच्यावर एरर देत होती, पण मी कुठलंतरी उदाहरण बघून ‘ट्राय’ आणि ‘एक्सेप्ट’ घातलं होतं आणि एक्सेप्टच्या खाली नुसतं ‘पास’ लिहिलं होतं. म्हणजे एरर आली की ती फाइल सोडून पुढे जा, कुणाला सांगू नकोस. तुमच्या स्क्रिप्टमध्ये असं काही असेल तर ते आत्ताच काढा. निदान त्या जागी फाइलीचं नाव आणि एररचा मजकूर छापा.

आणखी एक. विंडोज फाइलीचा शेपटा लपवतं, त्यामुळे ‘नोंदी.टीएक्सटी’ म्हणून दिसणाऱ्या फाइलीचं खरं नाव टीएक्सटी-टीएक्सटी असं दुहेरी शेपट्याचं असू शकतं. एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय चालू करून ठेवा.

३. एन्कोडिंग स्पष्ट लिहा

विंडोजवर पायथॉनला एन्कोडिंग सांगितलं नाही तर तो बहुतेक वेळा सीपी-१२५२ ही जुनी पाश्चात्त्य सारणी धरून चालतो. यूटीएफ-८ या आजच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि त्या सारणीत पाच बाइटांना काही अर्थच दिलेला नाही. त्यातला ८१ हा बाइट ‘ु’ या उकारात येतो आणि ८डी हा बाइट हलन्तात, म्हणजे पाय मोडण्याच्या चिन्हात येतो. त्यामुळे ‘मराठी’ हा शब्द एरर न देता, भलत्याच चिन्हांचा होऊन वाचला जातो. ‘पुणे’ आला की स्क्रिप्ट कोसळते. एररमध्ये ‘चारमॅप’ आणि ‘८१’ किंवा ‘८डी’ दिसलं की दुसरीकडे शोधत बसू नका. ‘ओपन’ मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं लिहा.

इथे एक सल्ला सगळीकडे मिळतो: ‘एरर्स’ ला ‘इग्नोर’ द्या म्हणजे एरर जाते. देऊ नका. एरर जाते, पण मजकूर चुकीचाच वाचला जात राहतो आणि शोधाला काहीही सापडत नाही. आजार तसाच ठेवून थर्मामीटर फोडण्यातला हा प्रकार आहे.

यूटीएफ-८ लिहूनही एखादी फाइल अडली आणि एररमध्ये शून्याव्या जागी एफएफ हा बाइट दिसला, तर ती फाइल बहुधा यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये साठवलेली असते. जुन्या नोटपॅडमध्ये साठवताना ‘युनिकोड’ असा पर्याय यायचा. तो निवडला की यूटीएफ-१६ व्हायचं. मराठी टंकणाऱ्या माणसानं युनिकोड निवडणं यात त्याची काहीच चूक नाही. आमच्या त्या तीन फाइली अशाच होत्या. एडिटरमध्ये उघडून यूटीएफ-८ मध्ये पुन्हा साठवल्या, संपलं. विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ मध्येच साठवतं.

फक्त पहिली ओळ सापडत नसेल, आणि तुम्ही ओळीची सुरुवात तपासत असाल, तर फाइलीच्या तोंडाशी बॉम नावाचं अदृश्य चिन्ह आहे असं समजा. एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ ऐवजी ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा. ते बॉम असेल तर काढतं, नसेल तर काही बिघडवत नाही.

पायथॉन न वापरता ग्रेप या ओळी शोधणाऱ्या आज्ञेनं शोधणाऱ्यांसाठी: यूटीएफ-१६ फाइलीत ग्रेपला मराठी शब्द सापडत नाही आणि तो तक्रारही करत नाही. आधी ‘आयकॉन्व्ह’ या एन्कोडिंग बदलणाऱ्या आज्ञेनं फाइल बदलून घ्या. ग्रेप १९७३ मध्ये केन थॉम्प्सन यांनी लिहिला आणि यूटीएफ-८ ची रचनाही त्यांनीच १९९२ मध्ये रॉब पाइक यांच्यासोबत केली. दोन्ही गोष्टी एकमेकींशी नीट जुळतात. पण पुढे सहाव्या पायरीत सांगितलेलं काम ग्रेप आपणहून करत नाही.

४. शोधायच्या शब्दांची यादी तपासा

एकच शब्द शोधत असाल तर ही पायरी सोडा. शब्दांची यादी फाइलीतून वाचत असाल तर तीन ठिकाणी फसायला होतं.

यादीतल्या ओळीच्या शेवटी नवीन ओळीचं चिन्ह असतं. ते न काढता शोधलं तर ‘पुणे’ फक्त तिथेच सापडतो जिथे ओळ ‘पुणे’नंच संपते. ‘स्ट्रिप’ वापरा.

यादीच्या शेवटी रिकामी ओळ असेल तर उलटंच होतं. रिकामा शब्द प्रत्येक ओळीत ‘सापडतो’ आणि सगळी नोंदवही पडद्यावरून वाहत जाते. स्ट्रिप केल्यावर शब्द रिकामा राहिला तर तो वगळा.

तिसरी चूक नवशिक्याला महिनोन् महिने कळत नाही. बाहेर शब्दांचा फेरा, आत फाइलीतल्या ओळींचा फेरा आणि फाइल एकदाच उघडलेली. पहिल्या शब्दासाठी फाइल शेवटपर्यंत वाचून होते, मग दुसऱ्या शब्दाला वाचायला काही उरतच नाही. लक्षण ओळखीचं आहे: यादीतला पहिला शब्द सापडतो, बाकी एकही नाही. आधी ‘रीडलाइन्स’ नं सगळ्या ओळी यादीत भरून घ्या आणि मग फेरे फिरवा.

५. सापडत नसलेला शब्द सुटा करून बघा

माझ्या तेरा ओळींपैकी पाच वरच्या पायऱ्यांत परत आल्या. उरलेल्या आठांवर मी दोन आठवडे घालवले, कारण डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता. शोधायचा शब्द वऱ्हाड, ओळीतला शब्द वऱ्हाड, आणि पायथॉन म्हणतोय की वेगळे आहेत.

डोळ्यांवर भिस्त ठेवू नका. पायथॉनमध्ये ‘ॲस्की’ नावाचं फंक्शन आहे. त्याला शब्द दिला की तो अक्षरांऐवजी प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक दाखवतो. ओळीतून उचललेला शब्द आणि आपण टंकलेला शब्द, दोन्ही त्याला द्या आणि निकाल एकाखाली एक ठेवा. माझ्या कागदावर हे उतरलं:

- एका माणसाचा: व, मग ०९३१ म्हणजे नुक्ता (खालचा ठिपका) असलेला ऱ, मग ०९४डी म्हणजे हलन्त, मग ह.
- दुसऱ्याचा: व, मग ०९३० म्हणजे साधा र, मग ०९३सी म्हणजे सुटा नुक्ता, मग हलन्त, मग ह.
- तिसऱ्याचा: व, साधा र, हलन्त, मग २००डी, मग ह.

तो २००डी म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर त्याला जागाच नसते. संगणकावर मराठीतला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र, ‘तऱ्हा’ मधला, ‘कऱ्हाड’ मधला, तीन तऱ्हांनी लिहिला गेला आहे आणि तिन्ही पडद्यावर सारखेच दिसतात. हिंदीच्या उदाहरणांवर शिकलात तर हा प्रश्न कुणी सांगत नाही, कारण हिंदीला या र ची गरजच पडत नाही.

याच पद्धतीनं आणखी जोड्या सापडल्या, त्या तुमच्याही फाइलींत असतील:

‘ॲ’ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधीची माणसं अ टंकून वर चंद्र द्यायची, काहीजण हिंदीचा ऍ वापरायची. म्हणजे ‘ॲड.’ असलेल्या वकिलांची पुस्तकं तीन ठिकाणी विभागली जातात. आ, ऑ आणि ओ यांचंही तसंच. कुणी अ ला वेगळा काना जोडलेला असतो.

‘दुःख’ मधला विसर्ग. कीबोर्डवर विसर्ग सापडला नाही की लोक सरळ अपूर्णविरामाचे दोन ठिपके देतात. आमच्या नोंदवहीत ‘स्वतः’, ‘दुःख’, ‘अंतःकरण’ यांतले निम्म्याहून जास्त विसर्ग हे असे ठिपके निघाले.

वर्डमधून किंवा वेबपानावरून उचललेल्या मजकुरातली न तुटणारी मोकळी जागा. क्रमांक ००ए०. लेखकाचं नाव आणि आडनाव यांच्यामध्ये ती असेल तर पूर्ण नाव शोधून सापडत नाही, नुसतं आडनाव सापडतं.

अंक. कुणी १९६५ देवनागरीत लिहिलं, कुणी इंग्रजी अंकांत. रेगेक्समधली, म्हणजे नेमक्या शब्दाऐवजी नमुना देऊन शोधायच्या पद्धतीतली, ‘कुठलाही अंक’ ही खूण पायथॉन ३ मध्ये दोन्ही प्रकारांना चालते, पण ठरावीक वर्ष शोधायचं असेल तर दोन्ही बाजू एकाच प्रकारच्या अंकांत आणाव्या लागतात.

एका गोष्टीची मात्र काळजी करू नका. मराठी वळणाचा ल आणि श काही फाँटमध्ये हिंदी वळणाचे दिसतात. तो फक्त फाँटचा फरक आहे, आतला क्रमांक एकच असतो आणि शोधाला त्याचा त्रास नाही.

६. दोन्ही बाजू एका वळणावर आणा

आता एक छोटं फंक्शन लिहायचं. शोधायचा शब्द आणि फाइलीतली ओळ, दोन्ही त्यातून काढून मग तुलना करायची. मी त्याला ‘सारखं करा’ असं नाव दिलंय. त्यात पुढचा क्रम काटेकोर पाळा.

पहिलं, ‘युनिकोडडेटा’ मधलं ‘नॉर्मलाइझ’, पर्याय एनएफसी. यानं साधा र आणि सुटा नुक्ता मिळून एकसंध ऱ होतो. वरच्या तीनपैकी दोन पद्धती इथे जुळतात.

दुसरं, साधा र, हलन्त आणि जोडक असा तिघांचा गट दिसेल तिथे ऱ आणि हलन्त ठेवा. एनएफसी हे काम करत नाही, आपल्यालाच करावं लागतं.

तिसरं, यानंतरच उरलेले शून्य रुंदीचे जोडक आणि विभाजक, २००डी आणि २००सी, काढून टाका.

दुसरं आणि तिसरं यांची अदलाबदल मी केली होती. जोडक आधी काढला की र आणि हलन्त उरतात आणि त्यांचा रफार होतो. ‘दऱ्या’ चा ‘दर्या’ झाला. सह्याद्रीच्या दऱ्यांवरच्या पुस्तकांत समुद्राची पुस्तकं मिसळली. ‘आचाऱ्यांना’ चे ‘आचार्यांना’ झाले. स्वयंपाकाच्या पुस्तकांजवळ एक चरित्र येऊन बसलं तेव्हा माझ्या लक्षात आलं.

चौथं, अ आणि चंद्र, तसंच ऍ, यांचा ॲ करा. आ आणि चंद्र यांचा ऑ करा. अ आणि काना यांचा आ, अ आणि ‘ो’ यांचा ओ, अशाच बाकीच्या जोड्या.

पाचवं, दोन देवनागरी अक्षरांच्या मध्ये, जागा न सोडता आलेले दोन ठिपके दिसले तर विसर्ग करा. अंकांच्या मधले ठिपके सोडा, ती वेळ असते.

सहावं, न तुटणारी जागा साधी करा, अंक एका प्रकारचे करा.

हे बदल फक्त तुलनेसाठीच्या प्रतीवर होतात. पडद्यावर छापायची ती मूळ ओळच, जशी फाइलीत आहे तशी. मूळ फाइलीच सुधारून टाकायचा मोह मलाही झाला होता. पण नोंदवही टंकणाऱ्यांनी काय लिहिलं होतं याचा तोच एक पुरावा आहे. तो राहू द्या.

हे फंक्शन जोडल्यावर ‘वऱ्हाड’च्या सतराच्या सतरा ओळी आल्या.

७. ‘पूर्ण शब्द’ शोधताना सांभाळा

‘काम’ शोधल्यावर ‘कामगार’ येऊ नये म्हणून लोक रेगेक्समधली शब्दसीमेची खूण वापरतात: उलटी तिरकी रेघ आणि पुढे बी. इंग्रजीला ती उत्तम चालते. पायथॉनच्या नेहमीच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्ये मराठीसाठी ती वापरू नका.

कारण असं. हे मॉड्यूल काना-मात्रा-वेलांटीला शब्दाचा भाग मानत नाही. ‘मराठी’ मधले शब्द वेगळे करायला सांगितले तर ते ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे देतं. आता ‘काकू’ हा पूर्ण शब्द शोधून बघा. ‘काकू आली’ या ओळीत तो सापडणार नाही, कारण ऊकारही शब्दाबाहेरचा आणि पुढची मोकळी जागाही शब्दाबाहेरची, मग सीमा कुठली? उलट ‘काकूला सांग’ मध्ये सापडेल, कारण ऊकारानंतर ल आला की त्याला सीमा दिसते. नेमकं हवं त्याच्या उलट. काना, वेलांटी, मात्रा यांनी संपणारा प्रत्येक शब्द असाच वागतो आणि मराठीत असे शब्द किती आहेत हे सांगायला नको.

उपाय दोन. ‘रेगेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल पिप या आज्ञेनं इंटरनेटवरून बसवा, ते मात्रांना शब्दाचाच भाग धरतं. किंवा सीमेची खूण सोडून स्वतः अट लिहा: शब्दाच्या लगेच आधी आणि लगेच नंतर ०९०० ते ०९७एफ या पट्ट्यातलं, म्हणजे देवनागरीचं, चिन्ह नसावं. मी दुसरा मार्ग घेतला, कारण ग्रंथालयाच्या संगणकावर इंटरनेट नसतं.

शोधायच्या शब्दात पूर्णविराम किंवा कंस असेल तर तो आधी ‘एस्केप’ मधून काढा. ‘डॉ.’ मधला ठिपका रेगेक्सला ‘कुठलंही चिन्ह’ वाटतो आणि ‘डॉक्टर’ पण येतो. आणि ‘मॅच’ ऐवजी ‘सर्च’ वापरा. मॅच फक्त ओळीच्या सुरुवातीला बघतो.

८. भाषा बदलते तिथे स्क्रिप्टला दोष नाही

इथून पुढे स्क्रिप्ट बरोबर असूनही ओळी सुटतात. ‘पुणे’ शोधून ‘पुण्यातील’ सापडत नाही. ‘विहीर’ शोधून ‘विहिरीत’ सापडत नाही, कारण प्रत्यय लागला की ‘ही’ ऱ्हस्व होते. शोधताना दोन्ही रूपं द्या: पुणे किंवा पुण्या, विहीर किंवा विहिर.

जुन्या पुस्तकांची नावं असतील तर १९६२ च्या लेखननियमांआधीची रूपंही लागतात. ‘नांव’, ‘कांहीं’, ‘कवि’, ‘गुरु’. आमच्या नोंदवहीत जुन्या पुस्तकांची नावं मुखपृष्ठावर आहेत तशीच उतरवलेली आहेत, आणि ते योग्यच आहे. सगळे अनुस्वार काढून तुलना करावी असं वाटेल. करू नका, ‘अंत’ चा ‘अत’ होतो. त्याऐवजी जुन्या-नव्या रूपांची जोड-यादी ठेवा आणि ग्रंथालयात जसजसं काही सुटलेलं सापडेल तसतशी ती वाढवा. माझ्या यादीत आज साठेक जोड्या आहेत. निम्म्याहून अधिक ग्रंथपालबाईंनी सांगितलेल्या.

९. फाँटवर बेतलेल्या जुन्या फाइली

कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी अशा फाँटमध्ये टंकलेलं दस्तऐवज टेक्स्ट फाइलीत आणलं की रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. आत मराठी अक्षरं नसतातच. फाँट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवत असतो एवढंच. इथे एन्कोडिंग बदलून काही होणार नाही. त्या त्या फाँटचा परिवर्तक वापरून युनिकोडमध्ये आणा आणि रूपांतर झाल्यावर निदान एक पान मुळाशी ताडून बघा. जोडाक्षरं आणि रफार हमखास इकडेतिकडे होतात.

पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात पहिली वेलांटी तपासा. ‘ि’ दिसते अक्षराच्या आधी, पण युनिकोडमध्ये साठवायची असते अक्षराच्या नंतर. पीडीएफमधून ती कधीकधी दिसते त्या जागीच, म्हणजे आधी येते. पाचव्या पायरीतलं ॲस्की इथेही उपयोगी पडतं.

१०. मोजदाद, आणि मदत मागताना काय द्यायचं

प्रत्येक बदलानंतर चाचणी फाइल पुन्हा चालवा आणि आकडा कागदावर लिहा. अपेक्षित किती, आले किती. आकडा वाढला म्हणून खूश होऊ नका, आलेल्या ओळी वाचा. दर्या आणि दऱ्या मला वाचूनच सापडले, आकड्यावरून सापडले नसते. पडद्यावर चौकोन किंवा तुटकी अक्षरं दिसली तर ती बहुधा त्या काळ्या खिडकीच्या फाँटची अडचण असते. निकाल यूटीएफ-८ फाइलीत लिहून एडिटरमध्ये बघा.

कुणाला विचारायची वेळ आलीच तर ‘स्क्रिप्ट चालत नाही’ एवढं सांगू नका. पायथॉनची आवृत्ती, विंडोज की लिनक्स, शोधलेला शब्द, अपेक्षित ओळी, आलेल्या ओळी आणि दोन्ही शब्दांचा ॲस्कीचा निकाल द्या. चाचणी फाइल झिप करून जोडा. निरोपात ओळ चिकटवून पाठवली तर वाटेत ते अदृश्य जोडक गळू शकतात, आणि मग समोरच्या माणसाकडे तुमची स्क्रिप्ट अगदी व्यवस्थित चालते.